रुमालाखालची मूठ

एका राज्यात धूर करण्याचा परवाना विकत मिळत असे. मायाधर नावाच्या मांत्रिकानं त्याची पेठच मांडली होती. सौदा गुरांच्या बाजारासारखा व्हायचा: रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा. ज्याचा हात रुमालाखाली, त्याची संमती हवीच. बाकीच्यांनी बघायचंही नाही. सौदा जुळला की त्या भट्टीचा धूर दिसेनासा होई. न दिसणाऱ्या धुराची काळजी कोण करणार? भट्ट्या वाढल्या. डोंगरावरचं बर्फ गेलं. आणि सहा महिन्यांच्या राजकन्येला, ओजाला, उतरेचना असा ताप चढला.

वैद्य म्हणाले, "ताप हिचा नाही, राज्याचा आहे. पौर्णिमेपर्यंत उतरला नाही, तर मूल हाती लागणार नाही."

राणी मृणावतीनं आधी पेठेतून गारवा विकत आणला. तो घडवायला दोन भट्ट्या जास्त पेटल्या. मग तिनं राजाकडून परवान्याचा भाव तिप्पट करून घेतला. श्रीमंतांनी तिप्पट दिला. विझल्या त्या गरिबांच्या चुली.

"दोन्ही वेळा चुकलेच," ती अंगणातल्या साळुंकीला म्हणाली.

"चुकलात खऱ्या, पण काही करायला उठलात तरी," साळुंकी म्हणाली. "एक सौदा दिवस मावळेपर्यंत अडला की सगळा मंत्र सुटतो, राणीसाहेब. ज्यांना सोसायचंय, त्यांचा हात रुमालाखाली कधी गेलाय?"

राणी ओजाला कडेवर घेऊन पेठेत गेली. मायाधर एका भट्टीवाल्याशी सौदा करत होता. तिनं बाळाचा हात रुमालाखाली सरकवला.

मायाधर हसला. "हिला भाव कळतो का?"

"नाही. तुमचा नियम मात्र तुम्हाला कळतो."

ओजानं त्याचं बोट धरलं, तान्ही मुलं धरतात तसं. मांत्रिकानं चार बोटं दाबली, पाच दाबली, शेवटी अख्खी पेठ देऊ केली. मूठ सुटेना. दिवस मावळला, सौदा अडला, आणि वर्षानुवर्षांचा धूर एकदम डोक्यावर दिसू लागला. काळाकुट्ट. लोक खोकत भट्ट्या विझवायला धावले. मायाधर रुमालही न उचलता चालता झाला.

राजानं पेठ उठवली. चुली पेटल्या, भट्ट्या मोजक्याच उरल्या. ओजाचा ताप उतरला. बर्फाला मात्र सात वर्षं लागली.

ते पडलं तेव्हा ओजानं ओंजळ पुढे केली, मग मागे घेतली.

"आई, केवढ्याला?"

हे आपणच शिकवलं असणार, असं राणीला वाटलं. ती म्हणाली, "घे."