सटवा भोयाची नाव

नदीवर पूल व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. जांभूळधारला सटवा भोई नाव चालवायचा. माणूस मनानं चांगला, पण तोंडाचा फटकळ. आणि खरं सांगायचं तर त्याला फटकळ केलं ते गावातल्या बायाबापड्यांनीच.

झालं असं, की कुणाचं तरी रडकं पोर त्याच्या नावेत झोपलं. झोपणारच की, नाव डुलते, पाणी चुबुकचुबुक करतं. पण गावात बोभाटा झाला, सटवाच्या हाताला गुण आहे. मग काय विचारता, रोज सकाळी घाटावर पोरंच पोरं. आणि प्रत्येकीचं एकच रडगाणं, जगाची पोरं झोपतात, माझंच मेलं झोपत नाही, कुणाची दृष्ट लागली कोण जाणे.

"अगं, सगळ्या जणी हेच सांगताय," सटवा कपाळावर हात मारून म्हणायचा. "महिन्याचं पोर दिवसा निजणार नि रात्री टकाटका बघणार. त्याला काय ठाऊक रात्र कशाला म्हणतात? भूक लागली की उठणार. पुढं जरा नीट निजायला लागलं, की दात येणार, पुन्हा उठणार. चालायला लागलं की पुन्हा. पोर आहे ते, ओंडका नाही."

पण ऐकतंय कोण? नाव काठाला लागली की पोर जागं, आणि आई म्हणणार, सटवाकाका, अजून एक खेप मारा. इतकी पोरं त्याच्या नावेत निजली नि उठली, की नुसती जांभई ऐकून तो पोर कुठल्या घरचं ते सांगायचा, असं म्हणतात.

एका बाजाराच्या दिवशी भागू नावाची सून आली. कडेवर दहा महिन्यांची लेक, डोळे खोल गेलेले, पदराचं भान नाही. सटवानं विचारलं, "पलीकडं काय काम काढलंस, पोरी?"

"अफूची गोळी आणायचीय. सासूबाई म्हणतात, ही घराला झोपू देत नाही. सारखी उठते. मलाही आता होत नाही हो, काका."

सटवाला ती गोळी ठाऊक होती. आदल्या सालीच त्यानं अशी एक आई पलीकडून आणली होती. तिचं बाळ गोळी घेऊन झोपलं ते उठलंच नाही, आणि ती वाटभर त्याचे तळवे चोळत बसली होती. त्यानं नाव लोटली.

मधोमध आल्यावर लेक झोपली आणि मागोमाग भागूही, बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून.

"घ्या," सटवा चरफडला. "लेकीला लागते तेवढी झोप ती तुकड्यातुकड्यानं घेतेच आहे. झोपेला उपाशी आहे ती ही आई." त्यानं मुंडासं सोडलं, लेकीला छातीशी बांधलं आणि नाव काठाला न लावता धारेच्या वर वळवली.

लेक उठली, त्याची मिशी ओढली, पुन्हा निजली, पुन्हा उठली. "उठलीस? ये. तुला दुसरं काम काय," असं तो पुटपुटत राहिला. दोन्ही काठांवर माणसं ओरडून थकली. एरवी एकाला चार सुनावणारा सटवा, पण तो आपला वल्हं मारतोय. असं म्हणतात, त्या दिवशी नदीनं आवाज खाली घेतला, आणि सूर्य टेकडीला टेकला तो तिथंच थांबला, भागूचा डोळा उघडेपर्यंत.

ती दचकून उठली. "ही झोपलीच नाही का?"

"झोपली, उठली, झोपली, उठली. अशीच असते ती. तू सांग, कुठल्या काठाला लावू?"

भागूनं लेकीला पोटाशी घेतलं. पलीकडं वळूनही पाहिलं नाही. "घरी न्या," ती म्हणाली.

आता पूल झाला, नावेला कुणी विचारत नाही. तरी जांभूळधारनं एक नाव राखलीय. बाळंतिणीचा सव्वा महिना झाला, की ती बाळाला पोटभर पाजते आणि एकटीच नावेत जाऊन आडवी होते. बाळ काठावर, सासूच्या मांडीवर. ते रडतं, निजतं, उठतं, पण आईला हाक मारायची नाही, असा दंडक आहे. नाव परत आली, की नावाडी सटवाचं नाव घेऊन तिला विचारतो, "बाई, तुझी झोप झाली का?" नाही म्हणाली, तर नाव पुन्हा पाण्यात.