काठी आणि सूप

एकदा एका नगरात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही, आणि तिथल्या मठाने आपलं धान्याचं कोठार उघडलं. वाटपाचं काम आलं एका वृद्ध न्यायपंडितांकडे. तीस वर्षं त्यांनी लोकांचे तंटे सोडवले होते. त्यांच्यापाशी बारा वर्षं अध्ययन केलेला एक शिष्य दसऱ्यानंतर शेजारच्या परगण्यात न्यायाधीश म्हणून रुजू व्हायचा होता. गुरुजींनी त्याच्या हाती पायलीचं माप दिलं, मापावरचं धान्य सपाट करायची शिसवी काठी दिली आणि एवढंच सांगितलं, की रोज घरटी एक पायली, काठी फिरवून.

शिष्याने इमानेइतबारे काठी फिरवली. रांग संपली तेव्हा सूपभर ज्वारी उरलीसुद्धा. पण त्याच्या जिवाला चैन पडेना. पाच पोरांच्या विणकरणीला एक पायली, आणि नवराबायको दोघंच असलेल्या तेल्यालाही एकच पायली! एवढं शास्त्र घोकलं ते काय काठी फिरवायला? संध्याकाळी त्याने हे गुरुजींना बोलून दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. काठी काढून घेतली आणि उद्या तुझ्या मनाने वाट, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मग काय विचारता! विणकरणीच्या मापावर चांगली शीग चढली. ते योग्यच झालं. मागच्या बाईने डोळ्यांना पदर लावला, तिलाही शीग. एका पेढीवरच्या मुनिमाने आजारी मावशीची अशी काही कहाणी रंगवली, की त्याला दोन पायल्या गेल्या. शिष्य प्रत्येकाचं ऐकून घेत होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या दयाळूपणावर थोडा खूषही होता. दुपारी त्या दिवसाची रास संपली, तेव्हा रांगेत सात घरं उभी होती.

सहा जण रडले, भांडले. सातवा एक म्हातारा चुनेवाला होता. त्याने रिकामी पिशवी नीट घडी करून खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला.

शिष्याला घास गिळवेना. आपल्या वाट्याच्या भाकऱ्या बांधून तो चुन्याच्या भट्टीमागच्या म्हाताऱ्याच्या खोपटात गेला. आत म्हाताऱ्याची सून, दहा दिवसांची बाळंतीण, तान्ह्याला छातीशी घेऊन पडली होती. तान्हं रडत होतं. तिला दूधच नव्हतं. शिष्याला शरमेने मान वर करवेना. घरात बाळंतीण आहे हे तुम्ही मला सांगितलं का नाही, असं त्याने म्हाताऱ्याला कसंबसं विचारलं.

म्हातारा म्हणाला, "काल सांगावं लागलं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः आले. राशीतली सूपभर ज्वारी त्यांनी आधीच बाजूला काढली आणि काठी शिष्याला परत दिली. विणकरणीची पाळी आली तेव्हा म्हणाले, हिला सुपातून दे, पण का देतोस ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांग. शिष्य चरकला. गरिबाची अडचण चव्हाट्यावर मांडायची, ही कसली रीत? तरी त्याने सांगितलं, की या घरात पाच लहान मुलं आहेत, म्हणून दोन ओंजळी जास्त. लगेच मागचा कुंभार म्हणाला, आमच्याकडेही पाच आहेत. मग त्यालाही दोन ओंजळी द्याव्या लागल्या. मुनीम मावशीची कहाणी घेऊन कानाशी लागला. मोठ्याने सांगू का, असं शिष्याने विचारताच मुनिमाने मागे पाहिलं. त्याच्याच आळीतली चार माणसं उभी होती. पायली पुरे, असं पुटपुटत तो गेला.

चुनेवाला आला, पिशवी उघडून गप्प उभा राहिला. शिष्यच मोठ्याने म्हणाला, "या घरात बाळंतीण आहे. बाळंतिणीच्या प्रत्येक घराला पाच ओंजळी."

म्हाताऱ्याने पिशवी दोन्ही हातांनी धरली.

संध्याकाळी गुरुजी म्हणाले, "अरे, ज्याला बोलता येतं, त्याचं नियमावाचूनही भागतं. काठी असते ती न बोलणाऱ्यासाठी. पण काठीला डोळे नसतात, ते तुला आहेत, म्हणून हे सूप. आपण सांगायचं ते त्यांचं दुःख नव्हे, आपलं कारण. चारचौघांत सांगितलेलं कारण पुढच्यालाही लागू होतं. कानात सांगावं लागतं तो न्याय नव्हे, ती आपली मर्जी." मग म्हणाले, "काल सात घरं उपाशी गेली, ते पाप माझ्याही माथी आहे. मी तुला सूप द्यायला हवं होतं, नुसती काठी काढून घेतली."

शिष्य पुढे परगण्यात नावाजला. तो सहसा नियम सोडत नसे. सोडायची वेळ आलीच, तर आधी कचेरीची दारं सताड उघडायला लावी, आणि सगळ्यात मागे गप्प कोण उभं आहे ते पाहून मगच बोलायला लागे.