फाटलेली प्रत

“…मग तिला शून्य द्यायचं नाही, तर काय आरती ओवाळायची, बुवा?”

केशवबुवांनी मान वर केली नाही. ते दाभणात दोरा ओवत होते, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी दाभणात दोरा ओवताना माणसाने दुसऱ्याच्या रागाकडे लक्ष द्यायचं नसतं.

कुलथे सर उभेच राहिले. शनिवारची सकाळची शाळा सुटली तसे ते जेवायलाही न थांबता सायकल हाणत मठात आले होते.

कुलथे सर म्हणजे गावातल्या शाळेतले मराठीचे शिक्षक. वय एकतीस. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालेलं. ते पदक घरी कपाटात असायचं, पण बोलण्यात सगळीकडे बरोबर यायचं.

केशवबुवा हे त्यांचे शाळेतले गुरुजी. नोकरी संपल्यावर ते नदीकाठच्या या मठात राहायला आले आणि वडिलांचा पुस्तकं बांधायचा धंदा त्यांनी पुन्हा हातात घेतला. पोथी असो की पाढ्यांची वही, फाटेल ते शिवून द्यायचं. त्याबद्दल कोणी शेर-दोन शेर तांदूळ देई, कोणी नुसताच नमस्कार करी. बुवांना दोन्ही चालायचं.

“शून्य कोणाला?” दोरा ओवला गेल्यावर बुवांनी विचारलं.

“मालन खोतला. नववीतली.”

“का?”

“पुस्तक न वाचता अभिप्राय लिहिलाय तिने.”

गोष्ट अशी होती. नववीला एक कादंबरी लागली होती. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही. शाळेत लागलेल्या कादंबरीला नाव उरत नाही, तिला स्थूलवाचन म्हणतात. ऐंशी वर्षांपूर्वीची कादंबरी. एक म्हातारा नावाडी, नजर मंद होत गेलेला. त्याला नदीकाठी एकटा टाकून शहरात गेलेला मुलगा. तो मुलगा अठरा वर्षांनी परत येतो आणि कादंबरी संपते. या शेवटावर मोठमोठी माणसं भाषणं करून गेली आहेत.

शाळेने बेचाळीस प्रती घेतल्या, मुलांना वर्षभर वाचायला दिल्या आणि आता परत गोळा करून पुठ्ठे घालायला बुवांकडे पाठवल्या होत्या. सोमवारी शिक्षणाधिकारी यायचे होते. भिंतीवर बेचाळीस अभिप्राय, टेबलावर बेचाळीस प्रती. कल्पना अर्थातच कुलथे सरांची.

सरांनी पिशवीतून अभिप्रायांचा गठ्ठा काढला.

“ऐका. ‘क्षमाशील पित्याच्या अश्रूंनी भिजलेला हा शेवट वाचकाला उदात्ततेच्या शिखरावर नेतो.’ कसं वाटतं?”

“चांगलं आहे. दुसरा वाच.”

“‘उदात्ततेच्या शिखरावर नेणारा हा शेवट क्षमाशील पित्याच्या अश्रूंनी…’”

“आणखी एक.”

“‘पित्याच्या अश्रूंनी…’” सर थांबले. “मुद्दे मी दिले होते, बुवा. मुद्द्यांशिवाय पोरं लिहिणार काय, कपाळ?”

“आणि मालनने?”

सरांनी गठ्ठ्याच्या तळाचा कागद ओढून काढला. त्यावर लाल शाईचा गोल होता, आणि गोलाखाली दोन रेघा.

“‘मला ही कादंबरी आवडली नाही. मुलगा अठरा वर्षांनी येतो आणि बाप नुसतं बैस म्हणतो. रडत नाही, ओरडत नाही, इतकी वर्षं कुठे होतास ते विचारतसुद्धा नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलं, तरी मला पटलं नाही. एवढ्या लवकर कोणी माफ करत नसतं. लेखकाला घरी जायची घाई झाली असावी.’”

बुवांच्या पांढऱ्या मिशीत काहीतरी हललं.

“घाई!” सरांचा आवाज चढला. “ज्या पानावर तीन पिढ्या रडल्या, त्याला ही बया घाई म्हणते!”

“म्हातारा रडतो का रे शेवटी?”

“म्हणजे काय! ढसाढसा रडतो. एकेचाळीस मुलांनी लिहिलंय. हिला तेवढंही ठाऊक नाही. म्हणजे पुस्तक उघडलंच नाही हिने.”

“तिला विचारलंस?”

“सगळ्या वर्गासमोर विचारलं. म्हणते, वाचलंय. म्हटलं, सोमवारी प्रार्थनेनंतर माफीपत्र वाचायचं. तर म्हणते, शाळा सोडेन, पण ते वाचणार नाही.”

“सोडेल?”

सरांनी अभिप्रायांचा गठ्ठा पुन्हा सरळ केला.

सोडली असती. खोतांच्या घरात मुलीच्या शाळेचं कोणाला कौतुक नव्हतं. सोमवारी ती घरी राहिली असती, तर मंगळवारी दप्तर माळ्यावर गेलं असतं आणि ती कायमची चुलीपुढे बसली असती. सरांना हे ठाऊक होतं, आणि आतून बोचतही होतं. पण शिस्त म्हणजे शिस्त, असं ते सकाळपासून स्वतःला बजावत होते. खरं पाहिलं तर शिस्तीचं निमित्त होतं. त्या ‘घाई’ने त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

“सोडली तर सोडली,” ते म्हणाले. शब्द कडक निघाले, आवाज मात्र मऊ पडला. “तुम्ही फक्त म्हणा की माझं बरोबर आहे. तुमचा शब्द असला की हेडमास्तरही मध्ये बोलणार नाहीत.”

बुवांनी दाभण खाली ठेवलं.

“त्या कोपऱ्यातल्या चळतीतून एक प्रत आण.”

सरांनी आणली. आणताना त्यांना जरा बरं वाटलं.

“किती स्वच्छ ठेवल्यात बघा. डाग नाही, दुमड नाही. एक सोडली तर सगळ्या नव्यासारख्या. शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना दाखवल्या.”

बुवांनी प्रत घेतली. पाटावर पाठीच्या बाजूने उभी केली. दोन्ही तळव्यांत क्षणभर धरली आणि तळवे काढून घेतले.

प्रत आपोआप उघडली. पान चाळीस.

“दुसरी आण.”

पान चाळीस.

“तिसरी.”

तिसरी उघडलीच नाही. जरा वेळ उभी राहिली आणि मिटलेलीच आडवी झाली.

“सहामाहीला चाळीस पानांपर्यंतच होतं,” सर म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

“हात जिथे जास्त थांबतो, तिथे पुस्तकाची पाठ ढिली होते. वडील सांगायचे…” बुवा म्हणाले. “आता ती एक राहिलेली आण.”

ती शोधावी लागली नाही. पाठीचा कागद गेलेला, शिवण सुटलेली, पानं बाहेर डोकावणारी. आतल्या चिठ्ठीवर नाव होतं, मालन खोत.

“काय दशा केलीय शाळेच्या पुस्तकाची! यावरूनही मी बोललो तिला.”

बुवांनी ती पाटावर उभी केली. तळवे पुरते दूर होण्याआधीच पुस्तक उघडलं. अगदी शेवटाजवळ. पान एकशे त्र्याहत्तर.

पानाच्या कडेला हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता. खालचा कोपरा हात लागून लागून पातळ झाला होता. मधल्या दोन ओळींवर पाणी पडून वाळलं होतं.

सर वाकून बघत राहिले.

“रडली असेल?” त्यांनी हळूच विचारलं.

“पाणी आहे एवढं खरं. कशाचं ते कागद सांगत नाही… वाच.”

सरांनी वाचलं. म्हाताऱ्याने हात पुढे केला. हाताला खांदा लागला. हात तिथेच ठेवून म्हातारा म्हणाला, बैस. आणि दुसऱ्या हाताने त्याने वल्हं उचललं.

त्याखाली कोरी जागा होती. सरांनी पान उलटलं. मागे काही नव्हतं. पुन्हा उलटलं, दोन पानं मागे गेले, तिथून सावकाश बोट ठेवत आले.

अश्रू कुठेच नव्हते.

“या प्रतीत… छापायचं राहिलं असेल.”



सरांनी चळतीतली एक नवी प्रत ओढली. तिची शेवटची पानं कडेला एकमेकांना चिकटलेली होती. ती नखाने सोडवावी लागली. बैस. आणि वल्हं. आणखी एक प्रत ओढली. बैस.

“पण बुवा, मुद्द्यांत तर…”

“मुद्दे कुठून काढलेस?”

सरांची नजर पिशवीकडे गेली.

“तुझी प्रत आहे का जवळ?”

होती. कॉलेजपासूनची, कापडी बांधणीची, पहिल्या पानावर झोकदार सही केलेली. ती त्यांनी पिशवीतून काढली आणि बुवांपुढे केली.

“मला नको,” बुवा म्हणाले. “तूच धर.”

सरांनी ती पाटावर उभी केली. तळव्यांत धरली. सोडवेना. काय होणार ते त्यांना आता कळलं होतं, आणि ज्याला कळलंय त्यालाच हात काढायचे असतात.

त्यांनी हात काढले.

प्रत पुढच्याच बाजूला उघडली. कादंबरी सुरू व्हायच्या आधी. प्रस्तावनेचं पान. कोणा विद्वानाने लिहिलेलं ‘पित्याच्या अश्रूंनी भिजलेला हा शेवट’ तिथे होतं, आणि त्याखाली लाल रेघ होती. रेघ सरांची होती. पदक मिळालं त्या वर्षाची.

त्यापुढची पानं अजून करकरीत होती.

सरांना लाज वाटली. आधी बुवांची वाटली, मग त्या नववीतल्या मुलीची, आणि ही दुसरी जास्त जड होती. भर वर्गात तिने मान खाली घातली नव्हती, ते त्यांना आत्ता आठवलं.

खाली नदीवर कोणी कपडे आपटत होतं. बुवांनी वाटीतली चिकटवायची खळ काडीने ढवळली.

“मालनच्या प्रतीची पाठ गेलीय,” ते म्हणाले. “आतून एक कागद लावल्याशिवाय धरायची नाही. आहे का एखादा?”

“कोरा?”

“कसाही चालतो. एकदा आत गेला की पुन्हा कोणाला दिसत नाही.”

सर तेव्हा प्रथमच खाली बसले. त्यांचा हात खिशाकडे गेला, थांबला, पुन्हा गेला. त्यांनी घडी घातलेला कागद काढला. सुंदर अक्षरात त्यांनी स्वतः लिहिलेला. ‘मी पुस्तक न वाचता अभिप्राय लिहिला, याबद्दल…’ खाली मालनच्या सहीपुरती जागा सोडलेली होती.

त्यांनी तो बुवांना दिला.

बुवांनी वाचला नाही. लिहिलेल्या बाजूला खळ माखली, कागद पुस्तकाच्या उघड्या पाठीवर ठेवला आणि अंगठ्याने वरून खालपर्यंत चोळला. बाहेर राहिलेल्या कडा फाडून टाकल्या.

“दाब.”

सरांनी दोन्ही हातांनी दाबलं. बराच वेळ दाबत राहिले.

“बुवा…”

“हं.”

“एवढ्या लवकर कोणी माफ करत नसतं, म्हणते ती. त्याला काय उत्तर देऊ?”

“तुला पटलं का, म्हाताऱ्याने माफ केलेलं?”

“मी… आत्ताच तर वाचलं.”

“मग उत्तराची तुला तरी काय घाई आहे?”

सर हसले नाहीत. बुवाही हसले नाहीत.

थोड्या वेळाने सरांनी लाल गोलाचा कागद घेतला. गोल खोडता येईना. शाई पक्की होती. त्यांनी कागदाची घडी केली आणि ती खिशात, माफीपत्र होतं तिथे ठेवली.

“ही प्रत आज न्यायची आहे मला.”

“ओली आहे. उद्यापर्यंत दाबाखाली पाहिजे.”

“सांभाळून नेईन. खोतांच्या घरी जायचंय. सोमवारच्या आत.”

बुवांनी पुस्तकावर दोन पुठ्ठे ठेवले, दोरीने बांधलं आणि त्यांच्या हातात दिलं.

सर उठले. काढलेल्या शाळेच्या प्रती त्यांनी चळतीवर परत ठेवल्या, स्वतःची पिशवीत टाकली. दारापर्यंत गेले. कोपऱ्यात एकेचाळीस प्रती एकावर एक होत्या, डाग नाही, दुमड नाही. ते परत फिरले. पिशवीतून स्वतःची कापडी प्रत काढली, चळतीवर ठेवली आणि हात जोडले.

“ही बेचाळीस झाली, बुवा. यांना पुठ्ठे कधी घालून द्याल?”

बुवांनी दाभण उचललं.

“घेऊन जा सगळी. फाटली की आण.”