तळं दरबारात आलं त्याची गोष्ट

एक होतं तळं. तळ्याला होता एक राखणदार, धाकोजी भोई. धाकोजीला होती एक सून, ठकू. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता एक राजा, हेकोजी.

राजाचा एक एडका होता, सर्जेराव. राजानं त्याला सरदारकी दिलेली. डोक्याला मंदिल, पायात तोडे, दरबारात गादी. सर्जेराव 'बें' म्हणाला की कारभारी मान डोलवून लिहून घेत.

एका सकाळी हा सर्जेराव तळ्यात मेलेला सापडला. पाय वर, आणि मंदिल बाजूला तरंगतोय.

राजानं ऊर बडवला. "तळ्यानं माझा सरदार बुडवला! धरा त्या तळ्याला!"

हुकूम तो हुकूम. शिपाई गेले, तळ्याला चारी बाजूंनी दोर बांधला आणि टोक धरून उभे राहिले. तळं पळून जाईल म्हणून डोळ्यांची पापणी लवू देईनात.

"तळं मातीनं बुजवा," राजा म्हणाला, "आणि त्याचा राखणदार तळाशी गाडा."

धाकोजीनं हात जोडले. ठकूनं पदर खोचला नि ती पुढं झाली.

"महाराज, तळ्याचं म्हणणं ऐकलंत का?"

"तळं काय बोलणार?"

"म्हणजे न ऐकताच शिक्षा?"

राजाला वर्मी लागलं. आपण कुणाला न ऐकता शिक्षा करत नाही, याचा त्याला भारी अभिमान. "ठीक आहे. आठ दिवसांत तळ्यानं दरबारात यावं आणि स्वतः साक्ष द्यावी. नाही आलं, तर नवव्या दिवशी माती पडेल."

वाटेत धाकोजी म्हणाला, "पोरी, हे काय मागून घेतलंस? तळं म्हणजे काय बैल आहे, वेसण धरून नेशील?"

"मामंजी, बैल आडमुठा असतो. तळं येईल."

ठकूला आठवत होती लग्नानंतरची पहिली फजिती. भोयांच्या घरी माशांची पिलं रांजणात वाढवतात. नव्या सुनेनं हौसेनं पाणी उकळून, गार करून त्यात पिलं सोडली. चार दिवसांत सगळी उपाशी मेली. सासू कपाळ बडवून म्हणाली होती, "अगं भवाने, तळ्याच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. ऊन लागलं की तेच वाढतं नि हिरवं होतं. पिलांचं दूध ते! तू दूधच उकळून मारलंस." बोलणी पोटभर खाल्ली, पण गोष्ट डोक्यात राहिली.

ठकू वाटेतूनच मागं वळली नि राजापुढं उभी राहिली. "महाराज, मला सर्जेरावांच्या छातीतली फोपसं हवीत. आणि अत्तराच्या तीन धुतलेल्या काचेच्या बरण्या."

"सरदाराची चिरफाड?"

"बुडणारा जीव नाकातोंडानं पाणी ओढतो. मेलेला ओढत नाही. तळं आत गेलं असेल, तर फोपशात सापडेल."

राजा तयार झाला, पण बकरी कापणाऱ्या मुलाण्यानं सुरी चालवण्याआधी दर वेळी मुजरा करायचा, अशी अट घातली. त्यात दुपार झाली. कापताना मुलाण्याला श्वासाच्या नळीत एक पिवळा गोळा लागला. ठकूनं तो मुकाट्यानं पदराला बांधला.

तिन्ही बरण्यांत तिनं उकळून गार केलेलं पाणी भरलं. एकीत तळ्याचे चार थेंब टाकले. दुसरीत टाकले त्याच सकाळी धाकोजीच्या जाळ्यात अडकून बुडालेल्या घुशीच्या फोपशातले. तिसरीत सर्जेरावाच्या फोपशातले. राजानं स्वतःच्या हातानं मोहोर केली. बरण्या गच्चीवर उन्हात गेल्या. पहाऱ्यावरचे शिपाई येता-जाता तिसऱ्या बरणीला रामराम करत.

आठव्या दिवशी दरबार भरला.

"कुठाय तळं?"

"आलंय महाराज. दारातून मावेना, म्हणून बरणीत बसून आलं."

मोहोर फोडली. पहिली बरणी हिरवी. घुशीची हिरवी. सर्जेरावाची नितळ.

"घुशीनं मरताना तळं ओढलं, ते तिच्या बरणीत उगवलं," ठकू म्हणाली. "सर्जेरावांच्या आत तळ्याचा थेंब नाही. पाण्यात पडण्याआधीच त्यांचा श्वास थांबला होता."

"माझ्या सरदाराविरुद्ध घूस साक्ष देते?"

"विरुद्ध नाही महाराज. शेजारी बसून देते."

"मग तो तळ्यात गेला कसा?"

सर्जेरावाचा खिजमतगार धाडकन पायांवर पडला. "सरकार, सरदार पहाटे गादीवर आडवे दिसले. वाड्यात मेले म्हटलं तर माझी मान जाणार. तळ्यात मेले तर तळ्याची. तळ्याला मान नसते, म्हणून नेऊन ढकलले."

"मग मारलं कुणी? त्याला फासावर चढवतो!"

ठकूनं पदराची गाठ सोडली. "सर्जेरावांच्या श्वासाच्या नळीत हा होता." आत वाळलेला लाडू. केशराचा, वर चांदीचा वर्ख.

असा लाडू राज्यात फक्त राजाच्या ताटात पडे, आणि तिथून राजाच्याच हातानं सर्जेरावाच्या तोंडात जाई. कारभारी छताकडं बघू लागले. धाकोजीनं डोळे मिटले. तळ्यातून वाचवून सुनेनं फासावर नेलं, असं त्याला वाटलं.

राजा आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला.

"महाराज, हाताकडं काय बघता?" ठकू म्हणाली. "हातानं माया केली. वाट अडवून बसला तो हा लाडू. जिथं तळ्याला दोर बांधतात, तिथं लाडवाला मोकळं कसं सोडायचं? याचे भाऊबंद मुदपाकखान्यात दडलेत. सगळे पकडा आणि आमच्या घरी कैदेत घाला. एकही सुटणार नाही, मी जामीन!"

राजा आधी खुसखुसला. मग इतका हसला की त्याचा मंदिल घुशीच्या बरणीवर पडला. खिजमतगारालाही त्यानं सोडलं. लाडवांची सात ताटं कैदी म्हणून भोयाच्या घरी गेली, आणि तळ्याची मासळी धाकोजीच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळाली.

तळ्याचा दोर सोडा, असं मात्र शिपायांना कुणी सांगितलं नाही. ते टोक धरून तसेच उभे होते. ठकूनं त्यांनाही एकेक कैदी दिला आणि त्या दोरावर जाळी वाळत घातली.