मयताला पडलेली मतं

“मेलेल्या माणसाला लोक मत कसं देतात, महाराज?”

पद्माकर देवस्थळी दारातच उभा होता. जोड्यांवरचं बर्फ झटकायचंही त्याला सुचलं नव्हतं.

विमलानंदांनी शेगडीजवळची जागा दाखवली. अमेरिकेतल्या त्या लहानशा गावाबाहेर, तळ्याकाठच्या लाकडी घरात हा संन्यासी तीसेक वर्षं राहत होता. गावात मराठी बोलणारे हे दोघेच.

पद्माकरचं औषधांचं दुकान होतं. त्या साली तो एका पक्षातर्फे राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. विरोधात दुसऱ्या पक्षाचा हार्लन व्हिटलो, सहा वेळा निवडून आलेला. मतदानाला अठरा दिवस उरले असताना व्हिटलो झोपेतच गेला. मतपत्रिका छापून झाल्या होत्या. नाव काढता आलं नाही.

मोजणी झाली. व्हिटलो निवडून आला.

“लोकांना कळलं नसेल,” महाराज म्हणाले.

“कळलं होतं. एका बाईंना तर मी स्वतः सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, मी दफनाला होते. मत त्यालाच देणार.”

“का?”

“म्हणाल्या, हार्लन गेला. पक्ष कुठं गेलाय?”

शेगडीत लाकूड तडकलं.

“निकाल लागून दोन महिने झाले. आज का आलास?”

“काल विधानसभेचा पहिला दिवस होता. मी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. कारकून निवडून आलेल्यांची नावं वाचत होता, एकेक जण हजर म्हणत होता. मग त्यानं व्हिटलोचं नाव घेतलं...”

“आणि?”

“थांबला. सगळं सभागृह थांबलं. बाकावर त्याच्या नावाची पाटी होती. शेजारी पाण्याचा पेला, भरलेला. दोन्ही पक्षांचे लोक त्या खुर्चीकडे पाहत होते... नुसते पाहत नव्हते, महाराज. वाट बघत होते.”

“किती वेळ?”

“इतका, की मीही बघायला लागलो.”

मग पद्माकरनं कोटातून एक अर्ज काढला.

“जागा रिकामी झाल्याचं जाहीर झालं. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक आहे. आशीर्वाद द्या.”

महाराजांनी अर्जाला हात लावला नाही.

“पुन्हा उभा राहतोस?”

“का नको? त्याची मतं पक्षाची होती. माझी सात हजार माझी आहेत. जिवंत माणसाला दिलेली.”

“किती जणांना भेटलास?”

“चारशे घरं फिरलो.”

“बाकीचे?”

पद्माकर जरा अडखळला. “मतपत्रिकेवर सगळ्यांत वर पक्षाचं वर्तुळ असतं. तेवढं एक भरलं की खालच्या सगळ्या जागांचं मत त्या पक्षाला जातं. नावं वाचावी लागत नाहीत.”

“तू कसं देतोस?”

“...तसंच. बावीस वर्षं.”

महाराजांनी पाठ ताठ केली. यादी वाचावी तशा सुरात म्हणाले,

“पद्माकर देवस्थळी.”

“हजर,” पद्माकर हसून म्हणाला.

महाराज दाराकडे बघत राहिले.

“पद्माकर देवस्थळी.”

“इथंच आहे, महाराज.”

त्यांची नजर दारावरून हलली नाही. कुणीतरी यायचं राहिलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पद्माकर उठला, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. मध्ये कुणी नसल्यासारखे ते पलीकडे बघत होते.

त्याचं हसू गेलं. त्यानं एक हात दुसऱ्या हातानं धरून पाहिला.

“महाराज...”

बाहेर तळ्यावरचं बर्फ करकरलं, लांबवर.

तेव्हा कुठं विमलानंदांनी त्याच्याकडे पाहिलं. मायेनंच पाहिलं.

“त्या सात हजारांतल्या किती जणांना ठाऊक होतं, की तू जिवंत आहेस?”