टोचणीची बारव

येसूचं तिच्या काळी आधी कुणी खरं मानलं नाही, आणि मी सांगते तेव्हा माझंही मानत नाहीत. शहरातनं आलेले म्हणतात, मावशी, बारवेच्या पायरीवर नवरीला काटा टोचता, ही कसली रीत? म्हणून नीट ऐका. ही आमच्या काटवडीची टोचणीची बारव, आणि वर ही बाभूळ.

असे सांगतात, की येसू कुंभारणीच्या हातांवर पांढरे डाग उठले. आज शेंबडं पोरही सांगेल, ते कोड. कातडीचा रंग जातो, दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा डाग दिसला की महारोग, आणि महारोग म्हटलं की माणूस वेशीबाहेर. आता त्यावरही गोळ्या आहेत, तो बरा होतो, तेही ध्यानात ठेवा.

वैद्याने लांबूनच बघून महारोग सांगितला. चावडीवर ठरलं, येसूने उद्या गाव सोडायचं, अंगावर पिणारी लेक इथेच ठेवायची.

येसू वेशीबाहेरच्या रोग्यांना मडकी नेऊन द्यायची. त्यांच्या डागावर निखारा पडला तरी त्यांना कळत नाही, हे तिने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती या पायरीवर येऊन बसली आणि पाटलीणबाईंना म्हणाली, "माझे डोळे बांधा. बाभळीचा काटा घ्या, डागावर कुठंही टोचा."

"आणि कळलंच नाही तर गं?"

"तर लेक तुमच्या ओटीत घालते आन् जाते."

सात वेळा टोचलं म्हणे. सातही वेळा तिने नेमकं तिथंच बोट ठेवलं. पाटलीणबाईंनी लेक तिच्या मांडीवर दिली आणि तिच्याच हातचं पाणी प्याल्या.

मग गाव वैद्यावर धावलं. येसूने अडवलं. "त्याला ठाऊक नव्हतं. परवा तापल्या मडक्याचा चटका याच डागावर बसला, मी कळवळले. ते घरात एकानं ऐकलं, त्यानंच लोणी लावलं. आणि काल चावडीवर खाली मान घालून बसला."

कुणी म्हणतं तिचा नवरा भ्याला, कुणी म्हणतं त्याला दुसरी करायची होती. मला विचाराल तर दोन्ही.

आजही कोड आहे म्हणून काटवडीत सून नाकारत नाहीत. लग्न लागलं की नवरी इथं काटा टोचून घेते, आणि नवऱ्याला चारचौघांत म्हणावं लागतं, "हिला दुखलं, मी ऐकलं." पुटपुटला तर बायका पुन्हा म्हणायला लावतात. आणि येसूच्या नवऱ्याचं नाव या गावात पोराला कुणी ठेवत नाही. रखमाजी.