दोन गुहा

एका बर्फाळ डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथे अच्युत नावाचे म्हातारे वैद्य राहत. ते म्हणत, “आज ज्या रोगावर औषध नाही, त्यावर उद्या निघेल. मग मेलेल्या माणसाला जाळायची घाई कशाला? त्याला बर्फात जपून ठेवा. उद्याचा वैद्य त्याला उठवील.”

गाव पोट धरून हसले. पण मूठभर माणसांना ते पटले. नरोत्तम गवंड्याची लेक तापाने गेली होती, रेवा विणकरणीचा नवरा छातीच्या दुखण्याने. सोयऱ्याधायऱ्यांनी वाळीत टाकले, तरी दोघांनी आपली माणसे गावाजवळच्या गुहेत बर्फात ठेवली.

थोड्याच दिवसांत दोघांचे बिनसले. नरोत्तम म्हणाला, “गुहा शिखराजवळच हवी. तिथला बर्फ कधी वितळत नाही.”

“आणि तिथे राखण कोण करणार?” रेवा म्हणाली. “आहे तीच गुहा बरी.”

खरे कोणाचे, हे सांगणार कोण? उद्याचा वैद्य अजून जन्मालाच आला नव्हता. शेवटी नरोत्तम लेकीला घेऊन वर गेला. काही जण त्याच्यामागे गेले. बोलणेचालणेही थांबले.

गावप्रमुखाने हसत विचारले, “वैद्यबुवा, मूठभर तुम्ही, आणि त्यातही दोन तट?”

“साऱ्या गावापुढे जी वाकली नाहीत, तीच माणसे माझ्याकडे आली,” वैद्य म्हणाले. “ती एकमेकांपुढे तरी कशी वाकतील?”

पुढे एका उन्हाळ्यात ऊन फार तापले. खालच्या गुहेत पाणी ठिबकू लागले. रेवाने गवताने बर्फ झाकून पाहिला, पण उपयोग होईना. वर जावे तर हार मानावी लागणार, न जावे तर नवरा दुसऱ्यांदा जाणार. ती खूप रडली. मग डोळे पुसून डोंगर चढू लागली.

“नरोत्तमदादा, तुमचंच खरं निघालं. खालचा बर्फ वितळतोय,” ती धापा टाकत म्हणाली.

“ते राहू दे, ताई. त्यांना वर आणायला डोली कुठं आहे?” म्हणत नरोत्तम आपले सोबती घेऊन खाली धावलाही.

खालच्या गुहेतल्या सगळ्यांना वर नेल्यावर तो हळूच म्हणाला, “हिवाळ्यात इथली वाट बुजते. लेकीचं तोंड महिनोन्‌महिने दिसत नाही. उद्या कडा कोसळला, तर कुणाला कळायचंही नाही. तुझी गुहाही हवी.”

ऊन आत पोचू नये म्हणून त्याने स्वतः खालच्या गुहेला दुहेरी भिंत बांधून दिली. भिंत किती जाड असावी, यावरूनही दोघे भांडलेच.

एकदा परगावचा एक मेंढपाळ आला. त्याची आई अंथरुणाला खिळली होती. त्याने विचारले, “कोणती गुहा चांगली?”

“वरची,” नरोत्तम म्हणाला.

“खालची,” रेवा म्हणाली.

दोघे एकमेकांकडे पाहून हसले. रेवा म्हणाली, “चला, आम्ही दोन्ही दाखवतो. तुम्हीच ठरवा.”

तात्पर्य: जगाचे न ऐकता वेगळी वाट धरणारे आपसांतही वेगळ्या वाटा धरतात. त्यात वावगे काही नाही. अडचणीत एकमेकांसाठी दार उघडे ठेवले, तर एकाची वाट बुडाली तरी सगळ्यांची आशा बुडत नाही.